लोणारचा गुलाबी रंग आणि पुसलेला शेजार

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे जून २०२० मधले गुलाबी फोटो तुम्ही पाहिले असतीलच. तसा फोटो घेऊन काठ, झाडं, आभाळ सगळं कृष्णधवल करायचं आणि पाणी तेवढं गुलाबी ठेवायचं, हे आता कुणालाही जमतं. फोटोशॉपमध्ये वर ब्लॅक अँड व्हाइटचा ॲडजस्टमेंट लेअर टाकायचा आणि त्याच्या मास्कवर पाण्याचा भाग काळ्या ब्रशने रंगवायचा. तेवढ्याच भागात खालचा मूळ रंग दिसतो. दिसायला झकास! पण प्रबंधात असा फोटो वापरणार असाल तर जरा थांबा.

ही कल्पना सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीची आहे, बरं का. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या स्टुडिओंत चित्रकार कृष्णधवल फोटोवर हाताने रंग भरत. लुगडं हिरवं की जांभळं, हे कॅमेरा सांगत नव्हता, कुंचला सांगत होता. म्हणून अशा फोटोवरून त्या काळच्या लुगड्यांच्या रंगांबद्दल विधान करू नका. त्यातून कळते ती स्टुडिओची आणि गिऱ्हाइकाची आवड, तीही कामाचीच. १९९० मध्ये फोटोशॉप आलं, १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले. फरक असा की तेव्हा रंग घातला जायचा, आता बाकीचे काढले जातात.

लोणारचा रंग मात्र खरा होता. लँडसॅट ८ च्या प्रतिमांत २५ मे रोजी पाणी हिरवट आहे, १० जूनला गुलाबी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे आल्याचं दिसलं. गंमत पुढेच आहे. नमुना स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि पाणी नितळ झालं! म्हणजे त्या दिवशी काठावरून सरोवर नेमकं किती गुलाबी दिसत होतं, हे सांगायला उरले ते फोटोच.

आता फोटोतला रंग वाढवलेला आहे का, हे आपण ओळखतो कशावरून? शेजारच्या ओळखीच्या रंगांवरून. झाडं नको तितकी पोपटी किंवा काळा बेसॉल्ट लालसर दिसला की शंका येते. निवडक रंगाच्या फोटोत नेमका हाच शेजार पुसलेला असतो.

तेव्हा छायाचित्रकाराकडे मूळ फाइल मागा, शक्यतो रॉ. नाही मिळाली तर फोटोखाली 'रंग संपादित' असं लिहा आणि रंगाच्या गडदपणावर त्या फोटोच्या भरवशावर काही म्हणू नका. सरोवर गुलाबी झालं होतं, एवढं सांगायला लँडसॅट पुरेसा आहे.