नीलाजन्य पादव्रण

पायातील नीलांमध्ये रक्त साचून घोट्याच्या वर, बहुधा आतल्या बाजूस, होणारी व लवकर न भरणारी जखम. पायात नीलांचे दोन संच असतात : स्नायूंमधील खोल नीला आणि त्वचेखालील वरवरच्या नीला. वरवरच्यांपैकी मोठी नीला आतल्या घोट्यापुढून वर चढून जांघेत खोल नीलेस मिळते. लहान नीला बाहेरच्या घोट्यामागून निघून गुडघ्याच्या खळगीपर्यंत जाते. रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि नीलांमधील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ फाब्रिकियस यांनी या झडपांचे सचित्र वर्णन १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. झडपांचे खरे कार्य मात्र फाब्रिकियस यांचे शिष्य, इंग्रज वैद्य हार्वी यांनी १६२८ मध्ये दाखवले.

स्तब्ध उभे असताना घोट्याजवळील नीलादाब सु. ९० मिमी. पारा असतो, चालताना तो ३० च्या खाली येतो. झडपा निकामी झाल्यास तो उतरत नाही. मग संध्याकाळी पाय सुजतो, मोज्याचा वळ उठतो, त्वचा काळपट, कडक होते आणि साध्या खरचटण्यानेही व्रण पडतो. मूळ कारण हा न उतरणारा दाब असल्याने नुसती मलमे बदलत राहणे व्यर्थ होय.

मुख्य उपचार म्हणजे घोट्याशी सु. ४० मिमी. दाब देणारी पट्टी. ती बांधण्यापूर्वी घोटा व दंड यांतील रक्तदाबांचे गुणोत्तर पाहतात, कारण रोहिणी अरुंद असल्यास घट्ट पट्टीने पाय गमावण्याचा धोका असतो. सदोष वरवरची नीला लेसर वा रेडिओलहरींनी लवकर बंद केल्यास व्रण लवकर भरतो.