नदीच्या श्वासाचें माप

हिंगोलीजवळून वाहणारी कयाधू पुढें पैनगंगेस मिळते. नामदेवांची नरसी हिच्याच तीरीं आहे. येथें स्नान करणारा भाविक पाणी नितळ दिसलें, म्हणजे तें शुद्ध असें समजतो. परंतु ही परीक्षा अपुरी आहे.

नदींत पडलेल्या सांडपाण्यांतील कुजका अंश सूक्ष्म जंतु खातात, आणि तसें करितांना पाण्यांत विरलेला प्राणवायु खर्चितात. तो सरला कीं मासे गुदमरतात. हा खर्च मोजण्यासाठीं नमुना स्वच्छ पाण्यांत विरळ करून, बाटली घट्ट बंद करून अंधारांत ठेवितात. आरंभींच्या प्राणवायूंतून शेवटचा वजा करितात. यासच जैवरासायनिक प्राणवायूची मागणी म्हणतात.

इंग्लंडांत १८९८ सालीं नेमलेल्या रॉयल कमिशनानें १९१२ च्या आठव्या अहवालांत ही परीक्षा प्रमाण मानिली. मुदत पांच दिवसांची, उष्णमान ६५ अंश फॅरनहाइट. तें तेथील थंड नद्यांस शोभलें. आपल्या ऊन पाण्यांत जंतु त्वरेनें काम करितात. म्हणून १९९३ च्या भारतीय मानकानें २७ अंश सेल्सिअस व तीन दिवस ही रीत घेतली. २००० सालीं स्नानयोग्य पाण्यास याच रीतीनें लिटरमागें ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली गेली.

तेव्हां दिवस व उष्णमान न सांगतां दिलेल्या आंकड्यावर कोणीं विश्वास ठेवूं नये. आणि कयाधूच्या घाटावर हा आंकडा पाटीवर लिहिलेला असावा, एवढी मागणी नागरिकांनीं अवश्य करावी, असें आम्हांस वाटतें.