टेबलावरची लोकल

अंबाजोगाईत रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायची तर परळी गाठा. मुंबईची लोकल इथे बहुतेक रीलमध्येच भेटते. मॉडेल रेल्वेचं किट आणून ती घरात बांधायची म्हटली, की पहिला अडथळा रुळांचा.

या छंदात सगळ्यात चालतं ते १:८७ प्रमाण, म्हणजे एचओ. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे, कारण युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या १४३५ मिलिमीटरवर धावतात. आपल्याकडे डलहौसीच्या काळात ब्रॉडगेज ठरला, १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागा: १९.३. त्यामुळे किटच्या रुळांवर आपली ऐसपैस लोकल जरा अवघडूनच उभी राहते. चालवून घ्यावं.

वीज मात्र जुळते. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. साध्या मॉडेल सेटलाही डीसीच लागते, १२ व्होल्ट. फक्त ती रुळांतून येते. छपरावरचा पँटोग्राफ बहुधा शोभेचा! खऱ्या मुंबईने पुढे २५ हजार व्होल्ट एसी घेतली, आणि २०१६ मध्ये हार्बरवरून डीसी कायमची गेली. आता मुंबईची डीसी लोकल धावेल तर टेबलावरच.

बांधायचीच तर १९२५ ची बांधा. आजची बारा डब्यांची लोकल एचओत जवळपास तीन मीटर भरते, घरात कुठे ठेवणार? ती पहिली गाडी चारच डब्यांची होती. मीटरभरात मावते.