कासव महोत्सवाला जायचंय? आधी हे वाचा

मार्च उजाडला की अंधेरी-बोरिवलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वेळासचा प्लॅन शिजायला लागतो. वाळूतून तुरुतुरु समुद्राकडे जाणारी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तुम्ही रीलमध्ये पाहिलीच असतील. पण आपल्या जाण्याने कासवांचं भलं होतं का?

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव. पूर्वी इथली कासवाची अंडी सर्रास खणून नेली जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि काही वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला. पर्यटक गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, घरचंच जेवण जेवतात. म्हणजे पैसा थेट घरात येतो. अंडी पळवण्यापेक्षा ती जपणं परवडू लागलं, हा खरा फायदा.

आता दुसरी बाजू. मादी रात्री अंडी घालायला येते. किनाऱ्यावर उजेड, गोंगाट असेल तर ती तशीच परत फिरते. पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात, त्यामुळे मोबाइलचा फ्लॅश किंवा हॉटेलचा दिवा त्यांना उलट्या दिशेला नेतो. आपल्या पायांचे ठसेसुद्धा त्यांच्यासाठी खड्डेच. शिवाय पिल्लू जन्मतः पोटात थोडीच शिदोरी घेऊन येतं. गर्दी जमेपर्यंत त्याला टोपलीखाली ताटकळत ठेवलं, तर पोहायची ताकद तिथेच संपते. म्हणून वेळ कासवाची हवी, पर्यटकांची नाही.

पर्यटन हाताबाहेर गेलं की काय होतं, ते गोव्यात मोरजीला दिसतं. कासवांच्या किनाऱ्यालगतच शॅक, दिवे आणि संगीत आलं.

याउलट आपलं वर्सोवा. २०१५ पासून अफरोज शाह आणि रहिवाशांनी तिथला कचरा उपसला आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडलेची पिल्लं दिसली. ना महोत्सव, ना होमस्टे!

तरीही वेळासला जाणार असाल तर दोरीच्या मागे उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा, पिल्लाला हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव अनुसूची १ मध्ये आहे. आणि हो, एवढा प्रवास करून गेलात आणि त्या दिवशी एकही पिल्लू बाहेर आलं नाही, असंही होतं. राहण्या-जेवणाचे पैसे मात्र द्यायचेच.