बुडालेल्या पळसनाथाला प्रसिद्धीचा भार

पंढरपूर : ज्या उजनी धरणाचे पाणी भीमेतून पंढरीला येते, त्याच धरणाच्या फुगवट्याखाली इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गाव गेले. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. ग्रामस्थांनी पुणे-सोलापूर महामार्गालगत नवे गाव वसविले, देवही तेथे नेला. प्राचीन पळसनाथ मंदिर मात्र पाण्यातच राहिले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या धरणात जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा आहे. पाणी त्याच्याही बरेच खाली उतरले, की मंदिर उघडे पडते. २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत तसेच घडले.

एके काळी ही वार्ता वृत्तपत्रांच्या जिल्हा पानापुरती असे. आता ड्रोनने टिपलेली चित्रफीत समाजमाध्यमांवरून पसरते आणि शहरांतील गाड्या पळसदेवकडे वळतात. मंदिर सर्वदूर ठाऊक झाले, हा लाभ खराच. परंतु चार दशके भिजून-वाळून खिळखिळी झालेली वास्तू चित्रफितीत भक्कमच भासते. छायाचित्रासाठी तिच्यावर चढणे तिच्या आणि चढणाऱ्याच्याही जिवावर बेतू शकते. परिसरातील वीरगळही उघड्यावरच आहेत. वरून वाळलेला गाळ आत ओला असतो, तो निराळाच धोका.

नावेने जाणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्याने नाव उलटून सहा जण दगावले. ते पर्यटक नव्हते, नेहमीचे प्रवासी होते.

जलाशय भरल्यावर मंदिर पुन्हा बुडते. जुनी चित्रफीत मात्र तारखेविना फिरत राहते. निघण्यापूर्वी धरणाची पाणीपातळी पाहिलेली बरी.