दुष्फेन पाणी : धोबीघाटापासून माशांच्या काचपेटीपर्यंत

'दुष्फेन' हा शब्द आपण वर्गात नेहमी वापरतो, पण त्याच्या पोटातला साबण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही ते दुष्फेन. म्हणजे पाण्याचा हा गुण माणसाने धुणे धुताना ओळखला आणि 'वाईट' ठरवून टाकला. पुढे हेच मोजमाप घरी पाणवनस्पती आणि मासे ठेवणाऱ्यांच्या हाती आले. तिथे मात्र धोबीघाटावरचा निकाल चालेना.

टॉमस क्लार्क हे स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. लंडनचे पाणी सुफेन करण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी 1841 मध्ये घेतले. चुनखडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. त्यात चुन्याची निवळी योग्य प्रमाणात घातली, की न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन तळाशी बसते. चुना काढायचा तो चुन्यानेच! दुष्फेनता मोजायला क्लार्क यांनी साबणच वापरला. मोजून घेतलेल्या पाण्यात साबणाचे द्रावण थोडे थोडे घालून बाटली हलवायची आणि पाच मिनिटे टिकणारा फेस आला की थांबायचे. एक गॅलन पाण्यात एक ग्रेन कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर ती दुष्फेनता एक अंश. आजच्या मापात हे लिटरला सुमारे 14.3 मिलिग्रॅम होते.

याच दशकात, 1849 मध्ये, लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी बारा गॅलनच्या काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. माशांना लागणारा ऑक्सिजन वनस्पतीने पुरवावा, अशी कल्पना. पण जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर शेवाळ चढले. मग वॉरिंग्टन यांनी पात्रात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका भाग फस्त केला आणि पाणी निवळले. मासे, वनस्पती आणि गोगलगाय असा तिघांचा संसार मांडून दाखवणारा हा निबंध 1850 मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आता या पात्राकडे दुष्फेनतेच्या नजरेने पाहू. गोगलगायीचा शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पाण्यात कॅल्शियम फारच कमी असेल आणि पाणी आम्लधर्मी असेल, तर तो झिजतो. व्हॅलिस्नेरियाची गंमत आणखी वेगळी. भर उजेडात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड अपुरा पडला, की ती बायकार्बोनेटमधला कार्बन वापरते. मग पाण्याचा सामू चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर पानांवर बसू लागतो. क्लार्क यांनी निवळी घालून जे साधले, तेच पान उजेडात करते!

पण सगळ्याच वनस्पतींना हे जमत नाही. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ स्टीमन नील्सन यांनी 1947 मध्ये दाखवले, की मिरिओफायलम ही वनस्पती बायकार्बोनेट वापरू शकते, तर फाँटिनालिस हे पाण्यातले शेवाळे फक्त कार्बन डायऑक्साइडवर अवलंबून असते. म्हणजे एकाच पाण्यात एक वनस्पती पोसते आणि दुसरी उपाशी राहते. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम किती, आणि बायकार्बोनेट किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. साबणाचा फेस त्यांपैकी पहिल्याचेच उत्तर देतो.

साबणाची सद्दीही त्याच सुमारास संपत आली. झुरिकच्या गेरॉल्ड श्वार्झेनबाख यांनी 1945 पासून ईडीटीए हे संयुग वापरून दुष्फेनता मोजण्याची पद्धत विकसित केली. रंग बदलेपर्यंत थेंब टाकायचे, बस्स! आज मत्स्यालयाच्या दुकानात चाचणीच्या दोन बाटल्या मिळतात. एक एकूण दुष्फेनतेसाठी (जीएच), दुसरी बायकार्बोनेटसाठी (केएच). बहुतेक संचांत एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, लिटरला सुमारे 17.8 मिलिग्रॅम.

दोन बाटल्या कशाला, असे कुणी विचारले तर घरातले सॉफ्टनर यंत्र दाखवावे. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम देते. जीएच शून्याकडे जातो, केएच मात्र तसाच राहतो. धुण्याला हे पाणी उत्तम, पण गोगलगायीला आणि वनस्पतीला हवे तेच त्यातून गेलेले असते. पावसाचे पाणी मिसळले तर दोन्ही आकडे उतरतात. शिंपल्यांचा चुरा टाकला तर दोन्ही हळूहळू चढतात. केएच अगदीच उतरू देऊ नये, कारण सामूला आवर घालणारे बायकार्बोनेटच असते.

वर्गात एक प्रयोग जरूर करा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घ्या. त्यातले निम्मे दहा मिनिटे उकळून, निववून गाळा. दोन सारख्या बाटल्यांत सारखे पाणी घेऊन साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजा. उकळलेल्या पाण्याला कमी थेंब लागले, तर जो फरक पडला तो बायकार्बोनेटमुळे असलेल्या दुष्फेनतेचा. मग मुलांना विचारा : भांड्याच्या तळाशी बसलेला हा पांढरा थर कुणासाठी कचरा, आणि कुणासाठी घर?