मास्तरांची अंगाई

मागच्या नाताळात मडगावला एका छोट्या सभागृहात जॅझ ऐकण्याचा योग आला. वाजविणारे कुणी नामांकित नव्हते. मुलांना व्हायोलिन, पियानो, ट्रंपेट शिकविणारे मास्तर होते. त्यांनी ‘समरटाइम’ धरले. जॉर्ज गर्श्विन यांच्या १९३५ सालच्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरातील ही अंगाई. ट्रंपेटवाल्या मास्तरांनी चाल एकदा सरळ वाजवली. मग बंदिशीभोवती गवयाने बढत करावी तशी ती फुलवीत नेली.

ही विद्या गोव्यात मुरली कशी? पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतले मास्तर गावातल्या पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत. तीच पोरे पुढे पोटासाठी मुंबईस आली. १९३५ मध्येच लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला आणि जॅझ त्यांच्या कानी पडले. पुढे ते चित्रपटांतही शिरले; सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात चिक चॉकलेट यांचा हात होता.

वादकांची नावे मात्र पडद्यावर क्वचितच येत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात शिष्याने त्यांचे नाव घालविले. गुरुदक्षिणा याहून मोठी कोणती?

कार्यक्रम संपला. मास्तर पुढे चालले होते. मागून एक पोर त्यांच्या ट्रंपेटची पेटी दोन्ही हातांनी सांभाळीत, तीच अंगाई गुणगुणत येत होते.